व्हिडिओ एन्कोड करताना ५.१ ध्वनीचा बिटरेट किती ठेवावा?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळाने गेल्या हिवाळ्यात बडोद्याच्या महात्मा गांधी नगरगृहात नाट्यसंगीताचा एक कार्यक्रम केला. कलाकारांच्या लेखी परवानगीने त्याचे तीन कॅमेऱ्यांनी चित्रण केले आणि गायक, ऑर्गन, तबला व सभागृह यांसाठी वेगवेगळे माइक लावून ध्वनिमुद्रण केले. नंतर एका जाणकार ध्वनिमुद्रकाने त्याचे ५.१ (पाच मुख्य चॅनल आणि एक सबवूफरचा) मिश्रण करून माझ्या हाती सहा स्वतंत्र वेव्ह फायली दिल्या; त्या २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झच्या आहेत. कार्यक्रमाची लांबी दोन तास चाळीस मिनिटे आहे. चित्र आणि ध्वनी एकत्र करून सभासदांना पेन ड्राइव्हवर देणे आणि एक प्रत मंडळाच्या संग्रहात ठेवणे, हे काम आता माझ्याकडे आले आहे.

अडचण अशी की, चित्र मी एच.२६५ मध्ये सीआरएफ २० वर (म्हणजे आकार न ठरवता गुणवत्ता ठरवून) एन्कोड केले तेव्हा ते सुमारे ६ जीबीत बसले, म्हणजे त्याचा बिटरेट सेकंदाला साधारण ५,००० किलोबिट झाला. ध्वनी मात्र आहे तसा ठेवला तर सहा चॅनल, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ या हिशेबाने सेकंदाला ६,९१२ किलोबिट लागतात आणि तो एकटाच ८.३ जीबी होतो. ऐकण्याची वस्तू पाहण्याच्या वस्तूपेक्षा जड व्हावी, हे मला काही पटेना. एका परिचितांचे म्हणणे आहे की १६० किलोबिटचे स्टिरिओ एएसी द्यावे, कोणाला काही कळणार नाही. दुसऱ्यांचे म्हणणे आहे की ५.१ ऐकवायचे असेल तर १,५०९ किलोबिटचे डीटीएसच हवे, आणि इंटरनेटवर ज्याला त्याला ६४० हा आकडा प्रिय दिसतो.

माझ्या घरी टीव्हीपासून ऑप्टिकल केबलने जोडलेला जुना एव्ही रिसीव्हर आहे आणि त्यावर डॉल्बी डिजिटल व डीटीएस एवढीच दोन चिन्हे छापलेली आहेत. सभासदांपैकी काहींकडे साउंडबार आहेत, पण बहुतेक जण टीव्हीच्याच स्पीकरवर किंवा मोबाइलवर ऐकतील. अशा परिस्थितीत कोणता कोडेक (एएसी, डीटीएस यांसारखी ध्वनी आवळण्याची पद्धत) घ्यावा आणि बिटरेट किती ठेवावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.


फतेगंजचा श्रोता यांचे उत्तर

काका, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र आली आहेत आणि ती आधी सोडवली पाहिजेत. संग्रहातली प्रत ही पुढच्या पिढीसाठी असते, तिच्यातले काहीही गमावता कामा नये. सभासदांची प्रत ही आज, त्यांच्या हातात असलेल्या यंत्रावर वाजण्यासाठी असते. एकाच फायलीने दोन्ही साधायला गेलात तर ती संग्रहासाठी अपुरी आणि वाटण्यासाठी अवजड होईल.

संग्रहासाठी सहाही चॅनल फ्लॅक या कोडेकमध्ये बांधून एमकेव्ही फायलीत चित्राबरोबर ठेवा. फ्लॅकमध्ये आठ चॅनलपर्यंत आणि २४ बिटपर्यंतचा ध्वनी काहीही न गमावता बसतो, शिवाय मूळ नमुन्यांची एमडी५ खूण फायलीतच नोंदलेली असल्याने दहा वर्षांनी फायल बिघडली आहे की नाही हे तपासता येते. ८.३ जीबीचे फार तर चार-पाच जीबी होतील असा माझा अंदाज आहे. त्याहून फार कमी होण्याची आशा ठेवू नका, कारण २४ बिटमधले तळाचे बिट बहुतांशी माइकचा आणि सभागृहाचा बारीक गोंगाटच साठवतात आणि गोंगाट आवळता येत नाही. या प्रतीची एक नक्कल दुसऱ्या वस्तीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सभासदाकडे ठेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी कुठवर आले होते, ते बडोदेकरांना सांगायला नको.

सभासदांच्या प्रतीसाठी मी ६४० किलोबिटचे डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३, सुचवीन, आणि त्याचे पहिले कारण तुमची ऑप्टिकल केबल हे आहे. या केबलमधून एक तर दोन चॅनलचा सरळ पीसीएम (न आवळलेला) ध्वनी जातो, नाही तर एसी-३ किंवा डीटीएसच्या रूपात आवळलेला ५.१ ध्वनी जातो. सहा चॅनलचा पीसीएम किंवा ट्रूएचडी आणि डॉल्बी डिजिटल प्लस हे डॉल्बीचे नंतरचे प्रकार तिच्यातून जाऊच शकत नाहीत. ५.१ एएसी दिलेत तर टीव्ही ते स्वतः उलगडेल आणि बहुधा दोन चॅनल करूनच पुढे पाठवेल, म्हणजे तुमच्या मिश्रणकाराची सारी मेहनत टीव्हीच्या पाठीमागेच संपेल.

दुसरे कारण असे की, ६४० ही एसी-३ या मानकाची कमाल मर्यादा आहे. डीव्हीडीला ४४८ ची मर्यादा होती, ब्लू-रेला ६४० ची मुभा मिळाली आणि चित्रपटगृहांत ३५ मिलिमीटर फिल्मवर, कडेच्या छिद्रांच्या मधल्या जागेत छापलेला डॉल्बी डिजिटल तर ३२० किलोबिटवरच चालत असे. तुमच्या कार्यक्रमाच्या लांबीला ६४० ने ७६८ एमबी लागतात आणि ४४८ ने सुमारे ५३८ एमबी. सहा जीबीच्या चित्रापुढे या २३० एमबीसाठी काटकसर करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.


मांडवीचा डीटीएसवाला यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत नाही. माझ्याकडे एकाच चित्रपटाच्या डिस्कवर दोन्ही ट्रॅक आहेत आणि रिमोटने आलटून पालटून ऐकले की डीटीएस स्पष्टपणे अधिक भरदार, अधिक मोकळे वाटते. आणि ते तसे वाटणारच, कारण १,५०९ हे ६४० च्या दुपटीहूनही जास्त आहे. जिथे रिसीव्हरवर डीटीएसचे चिन्ह आहे, तिथे कमी प्रतीचा आवाज का स्वीकारावा? तुमच्या कार्यक्रमाला जेमतेम १.८ जीबी लागतील.


फतेगंजचा श्रोता यांचे उत्तर

आपल्याला फरक ऐकू येतो याविषयी मला शंका नाही, पण तो फरक बिटरेटचाच आहे असे मानण्याआधी डायलॉग नॉर्मलायझेशन नावाची नोंद तपासायला हवी. एसी-३ ट्रॅकमध्ये संवादाची सरासरी पातळी लिहून ठेवलेली असते आणि रिसीव्हर तिच्यानुसार आवाज खाली आणतो. ही नोंद उणे ३१ असेल तर काहीच बदल होत नाही, उणे २७ असेल तर सगळा ट्रॅक चार डेसिबलने खाली जातो. अनेक डिस्कांवर ती उणे २७ च असते आणि शेजारच्या डीटीएस ट्रॅकला अशी कपात सहसा नसते. चार डेसिबलने मोठा असलेला आवाज कोणत्याही माणसाला अधिक भरदार आणि मोकळाच वाटतो. तेव्हा एसी-३ वर जाताना आवाज तितकाच वाढवून, शक्यतो कोणता ट्रॅक चालू आहे हे स्वतःला न कळता ऐकून पाहा, आणि मग ठरवा.

दुसरे म्हणजे, दोन वेगळ्या कोडेकांच्या बिटरेटची सरळ तुलना होत नाही. डीटीएसचा गाभा ध्वनीचे ३२ पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात आधीच्या नमुन्यावरून पुढच्याचा अंदाज बांधतो. ही पद्धत साधी आहे आणि तिला बिटही भरपूर लागतात. एसी-३ अधिक बारीक वारंवारतांमध्ये विभागणी करून कानाला झाकले जाणारे भाग सोडून देतो आणि कमी बिटांत काम भागवतो. त्याच्या पुढची आवृत्ती असलेला डॉल्बी डिजिटल प्लस आणखी काटकसरी आहे. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ५.१ ची गुणवत्ता वाढवली तेव्हा त्यांनी प्लससाठी ६४० हाच वरचा टप्पा ठेवला आणि तिथे ध्वनी मूळ मिश्रणापासून वेगळा ओळखू येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्लससाठीचा तो निष्कर्ष जुन्या एसी-३ ला जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य आहे, पण १,५०९ म्हणजे दुप्पट चांगले, हा हिशेबही त्याच कारणाने टिकत नाही.

व्यवहाराची बाजूही आहेच. मोफत साधनांमधला डीटीएस एन्कोडर अजून प्रायोगिक गणला जातो, हँडब्रेक या मोफत एन्कोडिंग साधनात तर तो नाहीच, आणि २०१८ नंतर काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या टीव्हींमधून डीटीएसचा आधारच काढून टाकला. दांडियाबाजारकरांच्या निम्म्या सभासदांना चित्र दिसेल आणि ऑर्गन ऐकूच येणार नाही, अशी फायल वाटण्यात काय हशील आहे?


दांडियाबाजारकर यांचा उपप्रश्न

दोघांचेही आभार. ६४० चे एसी-३ घ्यावे, हे माझ्या मनात आता पक्के होत आले आहे. मात्र दोन शंका उरल्या आहेत. ध्वनीला इतके बिट दिले तर चित्राच्या वाट्याचे कमी होतात का? आणि सभासदांचे बहुतेक पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेले असल्याने त्यांवर मोठी फायल चढतच नाही. काही टीव्ही दुसरा फॉरमॅट वाचत नाहीत. यावर काय करावे?


कारेलीबागची मिश्रणकार यांचे उत्तर

मी ध्वनिमिश्रणाचेच काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपण सीआरएफने एन्कोड करत आहात, त्यामुळे चित्राची गुणवत्ता ध्वनीवर अवलंबून राहत नाही. ध्वनी जितका मोठा, तितकी फायल फक्त वाढते. ठरावीक आकारात सगळे बसवायचे असेल तेव्हाच एकाचे बिट दुसऱ्याच्या ताटातून जातात. एफएटी३२ वर एका फायलीला ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी एवढी मर्यादा असते आणि आपला अख्खा कार्यक्रम त्यात कोंबायचा म्हटले तर चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला साधारण ३,५०० किलोबिटच मिळतील. पण तसे करण्याची गरजच नाही. कार्यक्रमाला मध्यंतर झालेच असणार, तिथे फायल तोडा. ऐंशी-ऐंशी मिनिटांचे दोन भाग केलेत तर ५,००० किलोबिटचे चित्र, ६४० चा ५.१ ट्रॅक आणि १९२ चा स्टिरिओ ट्रॅक मिळून प्रत्येक भाग सुमारे साडेतीन जीबीचा होईल आणि प्रेक्षकालाही चहाला उठायला जागा राहील.

स्टिरिओ ट्रॅक मुद्दाम म्हटले, कारण आपले बहुतेक सभासद ५.१ ऐकणारच नाहीत. टीव्ही सहा चॅनलचे दोन करतो तेव्हा मधला चॅनल आणि मागचे दोन चॅनल साधारण तीन डेसिबलने कमी करून डाव्या-उजव्यात मिसळतो आणि एलएफई (सबवूफरसाठीचा खर्जाचा चॅनल) बहुधा टाकून देतो. चित्रपटात हे खपून जाते. सभागृहातल्या मैफलीत मात्र मागच्या चॅनलांत टाळ्या आणि सभागृहाचा घुमारा असतो. तो सगळा पुढे आला की गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. एसी-३ मध्ये मागचे चॅनल मिसळताना किती घ्यावेत याची नोंद करता येते. ती उणे सहा डेसिबल ठेवता येते किंवा मागचे चॅनल मुळीच घेऊ नयेत असेही सांगता येते. त्याहून उत्तम म्हणजे, ज्यांनी ५.१ मिश्रण केले त्यांच्याकडूनच वेगळे स्टिरिओ मिश्रण मागून घ्यावे. त्यांच्याकडे सगळे माइक सुटे आहेत, त्यांना ते अवघड नाही. १९२ किलोबिटच्या एएसीमध्ये ते छान बसेल आणि मोबाइलवरही वाजेल.

आता बिटरेटकडे येते. ६४० च्या बाजूने मी आहेच, पण वरच्या चर्चेत आले नाही असे कारण सांगते. कोडेकची खरी परीक्षा मोठ्या आवाजात होत नाही, ती टाळ्यांत होते. टाळ्या म्हणजे हजारो छोटे, अचानक येणारे, एकमेकांशी न जुळणारे आघात असतात आणि त्या एकाच वेळी सहापैकी पाच चॅनलांत असतात. बिट कमी पडले की एसी-३ चॅनलांचे वरचे सूर एकत्र बांधून पाठवतो, त्यामुळे मागच्या टाळ्या पुढे सरकतात आणि त्यांचा तळलेल्या पापडासारखा कुरकुरीत गोळा होतो. तबल्याचेही तेच. चाटेवरच्या बोलाआधी क्षणभर हलका फुसकारा ऐकू आला, तर बिट अपुरे आहेत असे समजावे. ऑर्गनच्या लांब धरलेल्या सुराला मात्र फार बिट लागत नाहीत. त्यामुळे नमुना ऐकण्यासाठी भैरवीनंतरचा टाळ्यांचा भाग आणि तबल्याचा एखादा तुकडा निवडा, शांत आलाप निवडू नका. ४४८ आणि ६४० मधला फरक मला याच ठिकाणी ऐकू येतो, एरवी क्वचितच.

यापेक्षा फार मोठा धोका चॅनलांच्या क्रमाचा आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आपल्याकडे सहा सुट्या फायली आहेत. वेव्हचा प्रचलित क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. चित्रपटाच्या पद्धतीने काम करणारे स्टुडिओ मात्र डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी एलएफई असा क्रम देतात. या दुसऱ्या क्रमाच्या फायली पहिल्या क्रमाच्या समजून जोडल्या, तर गायक उजव्या स्पीकरमध्ये जातो, उजवा चॅनल मधोमध येतो, मागचा डावा सबवूफरमध्ये बुडतो आणि एलएफईमधला खर्ज मागच्या उजव्या कोपऱ्यातून येऊ लागतो. मग बिटरेट ६४० असो वा ६,९१२. फायलींच्या नावांवर विसंबू नका. प्रत्येक चॅनलमध्ये त्या त्या स्पीकरचे नाव उच्चारलेली छोटी चाचणी फायल बनवा, ती त्याच मार्गाने एन्कोड करा आणि रिसीव्हरवर ऐका.

एन्कोडरने डायनॅमिक रेंजचे प्रोफाइल (मोठ्या आणि हळू आवाजातले अंतर किती कमी करावे याची नोंद) विचारले तर चित्रपटाचे निवडू नका. संगीतासाठीचे हलके निवडा किंवा काहीच नको म्हणा. नाही तर ख्यालासारखी रंगवलेली पदे आणि त्यांतली कुजबुजती हरकत एकाच पातळीवर येऊन बसतील. एलएफई चॅनल जवळजवळ रिकामा दिसला तरी घाबरू नका. नाट्यसंगीतात तो रिकामाच असायला हवा. डग्ग्याचा खर्ज मुख्य चॅनलांत असतो आणि तिथून तो सबवूफरकडे वळवण्याचे काम रिसीव्हरचे असते.


दांडियाबाजारकर यांचे उत्तर

ताई, तुमच्या सूचनेप्रमाणे चाचणी फायल बनवून ऐकली आणि माझ्याकडच्या फायली चित्रपटाच्याच क्रमाने आलेल्या निघाल्या. आता क्रम लावून घेतला आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकलचा पर्याय पीसीएमवरून बिटस्ट्रीमवर (आवळलेला ध्वनी न उलगडता पुढे पाठवण्यावर) नेल्यावर रिसीव्हरवर डॉल्बी डिजिटलचा दिवा लागला. टाळ्यांचा तुकडा ४४८ आणि ६४० या दोन्हींवर घरच्यांना ऐकवला. माझ्या मुलीने दोन्हींतला फरक लगेच ओळखला, मला मात्र तो तबल्यात अधिक जाणवला. स्टिरिओ मिश्रण येत्या आठवड्यात मिळेल.

थोडे विषयाला धरून आणखी एक विचारतो. माझ्या विकत घेतलेल्या जुन्या डीव्हीडींचे चित्र मी एच.२६५ मध्ये करून ठेवतो तेव्हा त्यांचा ४४८ चा ध्वनीही ६४० करून घ्यावा का?


फतेगंजचा श्रोता यांचे उत्तर

मुळीच नको. ४४८ वर जे गळून गेले ते ६४० परत आणत नाही. उलट एकदा आवळलेला ध्वनी उलगडून पुन्हा आवळला की नवा तोटा त्यात भरच घालतो आणि फायलही वाढते. ध्वनीचा ट्रॅक कॉपी किंवा पासथ्रू या पर्यायाने आहे तसा नवीन फायलीत न्या. चित्र कितीही वेळा आवळले तरी ध्वनीला हात न लावता ते करता येते. ब्लू-रेच्या ट्रूएचडी ट्रॅकबरोबर डिस्कवर एसी-३ चा ट्रॅक असतोच, तो निवडला की तुमच्या ऑप्टिकल केबलचे काम भागते. डीटीएस-एचडी असेल तर त्यातला १,५०९ चा गाभा, म्हणजे साधा डीटीएस ट्रॅक, पुन्हा एन्कोड न करता वेगळा काढता येतो, एफएफएमपेग या मोफत साधनात त्यासाठी फिल्टर आहे. आमचे मांडवीचे मित्र तिथे खूश होतील.


मांडवीचा डीटीएसवाला यांचे उत्तर

खूश आहेच. आवाज सारखा करून ऐकले, फरक बराच कमी झाला हे मान्य करतो. संपला असे म्हणणार नाही.


कारेलीबागची मिश्रणकार यांचे उत्तर

काका, शेवटचे एक पाहून घ्या. पेन ड्राइव्हवरून वाजवताना बहुतेक टीव्ही फायलीतला पहिला ध्वनी ट्रॅक आपणहून निवडतात आणि ज्येष्ठ सभासद मेनूमध्ये जाऊन तो बदलणार नाहीत. त्यामुळे वाटायच्या फायलीत स्टिरिओ ट्रॅक पहिला ठेवा, ५.१ दुसरा ठेवा, आणि दोन्हींना मराठीत स्पष्ट नावे द्या. ज्यांच्याकडे साउंडबार किंवा रिसीव्हर आहे त्यांना पेन ड्राइव्हबरोबरच्या चिठ्ठीत दुसरा ट्रॅक निवडायला सांगा. संग्रहाच्या प्रतीत क्रम उलटा ठेवलात तरी चालेल.